गिटारीला घातलेल्या तीन अटी

मी, परशुराम दाजी म्हात्रे, वय बहात्तर, राहणार मोरवा, भाईंदर पश्चिम, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. कोणी लिहायला लावलेले नाही. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. डोके शाबूत असल्याचे त्यात लिहिले आहे. डाव्या हाताबद्दल काही लिहिलेले नाही. तो मार्चपासून थरथरतो. यापूर्वी केलेला कागद रद्द समजावा.

१. मोरव्याचे राहते घर आणि बँकेतील ठेव पत्नी रुक्मिणी हिची. तिच्यानंतर मुलगा धर्मेश याची. वडिलांच्या मिठागराबद्दल काही लिहीत नाही. ते आता नाही.

२. धाकटा भाऊ दशरथ याने मला चाळीस वर्षे ‘बेंजोवाला’ म्हटले. मी बेंजो कधी वाजवला नाही. दिवसा औषध कंपनीत पॅकिंग खात्यात होतो, शनिवार-रविवार ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवत होतो. हे त्याला माहीत आहे. त्याला माझा मोठा ॲम्प्लिफायर द्यावा. त्याला हल्ली कमी ऐकू येते.

३. सरावाची वही माझी विद्यार्थिनी अनुष्का हिला द्यावी. तिने त्यातली पहिली दोन पाने वाचली तरी पुरे. वाजवायची ओळ आधी गुणगुणावी. गाताना जिथे श्वास संपतो, तिथे बोटेही थांबवावीत. तार ओढून सूर चढवायचा असेल, तर तो सूर आधी साधा वाजवून कानात घ्यावा, मग ओढावी. चुकलेली जागा तेवढीच वेगळी काढून संथ वाजवावी. पहिल्यापासून पुन्हा वाजवत सुटू नये. रोज वीस मिनिटे. रविवारी चार तास बसून आठवडा भरून निघत नाही.

४. माझी गिटार नीरज गुणवंत सावंत, राहणार मीरा रोड, याला द्यावी. धर्मेशने याचे वाईट वाटून घेऊ नये. त्याने ती कधी हातात धरली नाही.

या कलमाखाली मी तीन अटी लिहिल्या होत्या. तिन्ही खोडल्या आहेत. खोडलेल्या जागी सह्या आहेत. खाली काय होते ते वाचता येते, म्हणून कारणे देतो.

पहिली अट: नीरजने रोज ठेका मोजणारा मेट्रोनोम लावून सराव करावा. माझी वकील दिव्या म्हणाली, “काका, हे चेक कोण करणार? मी त्याच्या घरी जाऊन बसू?” खोडली.

दुसरी अट: जाड तारांचाच संच लावावा. तीन वर्षांपासून मीच पातळ तारा लावतो. जाड दाबल्या जात नाहीत. विद्यार्थ्यांना हे सांगितलेले नाही. खोडली.

तिसरी अट: कोणत्याही कार्यक्रमात आठ बारांपेक्षा लांब सोलो वाजवू नये. ही खोडायला मला चार दिवस लागले.

नीरज माझ्याकडे सात वर्षे शिकला. त्याच्याइतका चांगला हात मी दुसरा पाहिला नाही. २०१६च्या माघी गणपतीला मी त्याला प्रथमच स्टेजवर उभे केले. तो एकोणीस वर्षांचा होता. सोलो आठ बारांचा ठरला होता, म्हणजे जेमतेम वीस सेकंद. आठ झाले, सोळा झाले. लोक शिट्ट्या मारत होते. मी मागे जाऊन त्याच्या ॲम्प्लिफायरचा आवाज शून्यावर आणला. त्याला कळले नाही. दोन ओळी तो तसाच वाजवत राहिला, बोटे चालू, आवाज नाही. मी माईकवर म्हणालो, “बोटं पळतात नुसती. बोलत काहीच नाहीत.” लोक हसले. पहिल्या रांगेत त्याची आई उर्मिला बसली होती. त्याने गिटार खाली ठेवली आणि गेला.

दोन वर्षांपूर्वी शेअर रिक्षात तो माझ्या शेजारी बसला होता. डाव्या हाताच्या बोटांना तारांचे घट्टे नव्हते. हात मऊ झाला होता. आम्ही बोललो नाही.

त्याने सोलो लांबवला ही चूक त्याची. ती दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीत सांगायची होती. चारचौघांत त्याचा आवाज बंद केला, हे वाईट काम माझे. हे मी दोन साक्षीदारांसमक्ष लिहून देतो.

गिटार विनाअट द्यावी. तो नको म्हणाला तर आग्रह करू नये.

५. या पत्राची अंमलबजावणी दिव्याने करावी. तेराव्याला ऑर्केस्ट्रा बोलावू नये.

सही: परशुराम दाजी म्हात्रे
साक्षीदार: १. पिंटू भोईर, शेजारी २. रोशन डिमेलो, ढोलकीवाला
मोरवा, १३ नोव्हेंबर २०२५

पुरवणी

वरील कागद मी रुक्मिणीला वाचून दाखवला. ती म्हणाली, “लिवलंस ता बरा केलंस. पन त्याला सांगाला मराची काय गरज हाय?”

रविवारी सकाळी धर्मेशला घेऊन मीरा रोडला गेलो. गिटार त्याने उचलली. दार नीरजने उघडले. “सर? आत या ना.” मी उभ्यानेच कलम चार बोलून दाखवले. आतून त्याची आई आली आणि ऐकत उभी राहिली.

नीरज म्हणाला, “सर, मी लांबवलंच होतं त्या दिवशी.”

“हो. पण आवाज मी बंद केला.”

उर्मिलाताई म्हणाल्या, “नऊ वर्षं लागली तुम्हाला.” मी हो म्हणालो. मग त्यांनी बसायला सांगितले.

नीरज गिटारीच्या पेटीकडे बघत म्हणाला, “आता मला काहीच येत नाही.”

त्याने कुठून सुरुवात करावी ते माझ्या ओठांवर आले होते. मी चहा प्यालो.

निघताना त्याने पेटी उचलून आत नेली. माझ्यासमोर उघडली नाही.

सबब कलम चार रद्द. ती गिटार आता माझ्या मालमत्तेत नाही.

सही: परशुराम दाजी म्हात्रे
साक्षीदार: तेच दोघे
मोरवा, १७ नोव्हेंबर २०२५