रिकाम्या स्टोव्हचा आवाज

दादा,

आज दुपारी मी स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन लावून बाहेरच्या खोलीत आडवी झाले. गॅसवर काहीच नव्हतं. सूनबाई ऑफिसातून लवकर आली, तिनं फॅन बंद केला आणि मी दचकून उठून बसले. "आई, काही करपलं होतं का?" "नाही गं. आवाज असला की मला झोप लागते." तिनं रिकाम्या गॅसकडे बघितलं, आणि मला आपली कारखान्याची कॉलनी दिसायला लागली.

उसाचा हंगाम चालू असला की साखर कारखाना अखंड घुमत असायचा. तुम्ही पॅनवर पाक शिजवणारे. पाळी करून आलात की त्या घुमण्यातच गाढ झोपायचात. मध्येच कारखाना थांबला, तर शर्टाची बटणं लावत धावत सुटायचात. खरी पंचाईत पावसाळ्यात. हंगाम संपलेला, सगळीकडे सामसूम, आणि तुम्ही अर्ध्या झोपेतून उठून चपला शोधताय. मग आई तुमच्या उशाशी पंपाचा स्टोव्ह पेटवून ठेवते. तो फरफर जळत राहतो, तुम्ही हळूहळू घोरायला लागता. मी कॉन्व्हेंटमधून घरी येते, दप्तर अजून पाठीवर. "आई, स्टोव्हवर भांडंच नाही!" "हळू बोल. तुझ्या दादांची झोप शिजतीय." आणि तुम्ही डोळे न उघडता म्हणता, "मीठ बेतानं टाक."

तुमची बोटंसुद्धा आठवतात. पाकात दाणा धरला का, हे तुम्ही अंगठ्यात नि बोटात चोळून बघायचात. पुढे हातात काही नसलं तरी ती चोळत राहायची, जेवताना, एस्टीत, झोपेतही. एकदा शाळेत पालकसभेला आलात, तेव्हा सिस्टर मला कौतुकानं म्हणाल्या, "तुझे वडील किती प्रार्थना करतात, बघ." त्यांना वाटलं, तुम्ही मनात जपमाळ ओढताय. तुम्ही ते ऐकलंत. "व्हय सिस्टर. पॅन बिघडला तर दुसरं हाय काय हातात?" सिस्टर हसल्या, मीही हसले. तुम्ही थकला आहात, असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही. तुम्ही कधी बोललाही नाहीत. साहेबांनी एकदा दिवसपाळीचं हलकं काम देऊ केलं, तर म्हणालात, "लोक काय म्हनतील?"

मी नगरच्या एका हॉस्पिटलात आयसीयूची इनचार्ज सिस्टर आहे. इतकी वर्षं मशिनांच्या आवाजात काढली, की घर शांत झालं की मला वाटतं, कुणाचं तरी मशीन बंद पडलं. मध्यंतरी कामाच्या ताणावर बोलायला एक तरुण बाई आल्या होत्या. झोप उडते का, हात कापतात का, विनाकारण राग येतो का, असं विचारत होत्या. आमच्यातली एक म्हणाली, "मॅडम, हे सगळं आहे. आता रजा द्या!" सगळ्या हसल्या. मी हात पदराखाली घेतले. त्याच आठवड्यात इंजेक्शन भरताना माझा हात थरथरला होता आणि मी सिरिंज शेजारच्या पोरीच्या हातात दिली होती. त्या दिवशी निभावलं. पुढच्या वेळी शेजारी कुणी नसलं तर? निवृत्तीला थोडीच वर्षं उरलीत. तेवढी रेटावीत की चार्ज सोडावा, हे मनात घोळत होतं. मी सोडायचं म्हटलं की तुमचंच "लोक काय म्हनतील?" कानात यायचं.

आज संध्याकाळी मी सूनबाईला हाताचं सगळं सांगितलं. तिनं चहा पुढे ठेवला आणि म्हणाली, "आई, तुम्ही पेशंटला असं चालू दिलं असतं का?" मी चहा तसाच ठेवून मेट्रनना फोन केला. हाताचं सांगितलं, झोपेचं सांगितलं, ओपीडीत बदली मागितली. मेट्रन म्हणाल्या, "बरं झालं तूच बोललीस. मी कधीची वाट बघत होते. सोमवारपासून ये तिकडे."

इतकं सोपं होतं, दादा. तुम्हालाही असंच सोपं गेलं असतं का, कुणास ठाऊक.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून एवढं लिहिते. "तू गेल्यावर आयसीयूचं कसं होणार?" असं मेट्रननी एकदा तरी म्हणावं, असं वाटत होतं. त्या म्हणाल्या नाहीत. फोन ठेवल्यावर मी त्यासाठी थोडी रडले.