आठवी ब माझ्या हाती

३ फेब्रुवारी
उद्यापासून सराव-पाठ. तीन आठवडे शाळेत, मग परीक्षा, मग मी शिक्षक. तसा मनाने मी आत्ताच शिक्षक आहे, फक्त कागद हातात यायचाय.
मिळालेला वर्ग: आठवी ब. विषय: भाषा.
संकल्प. मुलांच्या लिखाणावर लाल पेन चालवायचं नाही. लाल पेनने मुलं खचतात, असं कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या. मला हे आधीपासूनच वाटत होतं.
दुसरं म्हणजे या वयाच्या मुलांसाठीच्या कादंबऱ्या वाचायच्या. त्याशिवाय त्यांच्या मनात शिरता येणार नाही.
तिसरं, माझी स्वतःची किशोर कादंबरी पुरी करायची. पहिलं प्रकरण तयार आहे. बाकीची सुचलेली आहेतच, नुसती लिहायची राहिलीत.
पहिलं प्रकरण आईला वाचून दाखवलं. छान आहे म्हणाली. मग म्हणाली, उठलाच आहेस तर गॅस बंद कर.

४ फेब्रुवारी
पहिला तास. वर्गाच्या मूळ बाई मागे बसून वह्या तपासत होत्या. निवृत्तीला आल्यात. नव्या विचारांशी त्यांचा संबंध आला नसणार, पण स्वभावाने बऱ्या वाटल्या.
मुलांना सांगितलं, मला सर म्हणू नका, मित्र समजा. पहिल्या बाकावरच्या मुलाने हात वर केला. "मित्रा, बाथरूमला जाऊ?"
सर म्हणा म्हटलं.

५ फेब्रुवारी
निबंधाला विषय दिला: 'मला कुणी विचारलंच नाही'. असा विषय त्यांना आजवर कुणी दिला नसेल. वर्ग गप्प झाला. भारावला असावा.
मग एकाने विचारलं, किती ओळी? मी म्हटलं, मनातून येतील तेवढ्या. तो म्हणाला, "हो सर, पण किती?"
शेवटी वीस म्हटलं. स्वातंत्र्यालाही चौकट लागते.

७ फेब्रुवारी, दुपारी
निबंध तपासले. संकल्प पाळला. लाल पेनला हात लावला नाही. हिरवं वापरलं.
पानं आता बागेसारखी दिसतायत.
एकंदर निराशा. मागच्या बाकावरच्या तिघांना कुणी विचारलं नाही ते एकाच शब्दांत, शुद्धलेखनाच्या त्याच चुकांसह. पहिल्या बाकावरच्याने 'मला कुणी विचारलंच नाही आणि ते बरंच झालं' एवढंच लिहिलंय, आणि अक्षर मोठं काढून पान भरलंय.
खिडकीजवळ बसते त्या मुलीचं इथे उतरवून ठेवतो, त्रोटक लेखनाचा नमुना म्हणून: 'ताई होस्टेलला गेली. आता खोली पूर्ण माझी झाली. सगळे म्हणतात, मज्जा आहे. मला पूर्ण खोली हवी आहे का, हे मला कुणी विचारलंच नाही. मी अजून भिंतीच्या बाजूलाच झोपते.'
संपलं! वीस ओळी कुठे? खोलीचं वर्णन नाही, एक उपमा नाही, समारोप नाही. शेरा दिला: 'विषय बरा पकडला आहेस. विस्तार कर. अलंकार वापर.' दहापैकी चार. तसे तीनच होते, एक प्रोत्साहनाचा.

९ फेब्रुवारी
वाचन सुरू. ताई खालच्याच मजल्यावर राहते. तिची मुलगी चौदा वर्षांची, म्हणजे माझा अभ्यासविषय घरातच. भाचीच्या कपाटातून एक कादंबरी उचलून आणली. एक मुलगी मैत्रिणीची सायकल चुकून मोडते आणि अख्ख्या पुस्तकभर ते कुणाला सांगत नाही. एवढंच! शिक्षक एकदाच येतात, तेही हजेरी घेऊन जातात. शेवटी बोध नाही. असलं वाचून मुलांवर काय संस्कार होणार?
शेवटची पानं संपवायची म्हणून जेवायला गेलो नाही. अभ्यास म्हणजे अभ्यास. मधेच आई आत आली आणि काय झालं म्हणून विचारलं. सर्दी आहे म्हटलं.

१० फेब्रुवारी
पुस्तक परत करताना भाचीला माझं प्रकरण वाचायला दिलं. नेमका वाचकवर्ग. कथा थोडक्यात अशी: एक चौदा वर्षांचा मुलगा मोबाईलच्या नादी लागून वाया जात असतो. शाळेत एक तरुण, तेजस्वी चेहऱ्याचे शिक्षक येतात आणि त्याला मार्ग दाखवतात. शिक्षक पूर्णपणे काल्पनिक आहेत.
ती दाराशीच उभी राहून वाचत होती. तिसऱ्या पानाला परत दिलं.
"मामा, हा मुलगा 'वस्तुतः' म्हणतो."
मी म्हटलं, मग?
"आईवर चिडलेला असताना म्हणतो."
मी समजावलं की यातून मुलांचा शब्दसंग्रह वाढतो. ती म्हणाली, "बरं." या वयातल्या 'बरं'चा अर्थ लावण्यावर कोर्समध्ये एखादा तास हवा.
निष्कर्ष: भाची नेमका वाचकवर्ग नाही.

१३ फेब्रुवारी
मोठं यश! वर्गाकडून निबंध सुधारून घेतले, आणि खिडकीवालीने तीच गोष्ट दोन पानं लिहून आणली. 'माझी खोली स्वर्गासारखी आहे. माझा पलंग ढगासारखा मऊ आहे. पडदे फुलपाखरांसारखे उडतात.' शेवटी समारोपसुद्धा: 'अशी ही माझी खोली मला खूप खूप आवडते.'
चारवरून नऊवर आली! वर्गात वाचून दाखवलं. ती खिडकीबाहेर बघत होती. लाजली असेल.
मॅडमना द्यायच्या अहवालात हे उदाहरण घालायचं.

१४ फेब्रुवारी
स्टाफरूममध्ये मुद्दाम बाईंना दोन्ही निबंध दाखवले. आधी आणि नंतर. त्यांनी चष्मा वर सरकवून दोन्ही वाचले, कागद पालथे घातले आणि विचारलं, "यातलं आता काय आठवतंय तुम्हाला?"
मी म्हटलं, ती भिंतीच्या बाजूला झोपते.
"दुसऱ्यात आहे का ते?"
कागद उलटून पाहिला. नव्हतं.
"तिला आता खोली आवडते, असं लिहिलंय," बाई म्हणाल्या. "आवडते का हो खरंच?"
मी म्हटलं, ते मी कसं सांगणार? त्या म्हणाल्या, "तिने सांगितलं होतं की," आणि चहा प्यायला लागल्या.
मान्य, एक मुद्दा आहे. पण मूल्यमापनाच्या तक्त्यात भिंतीला रकाना नाही, त्याला मी काय करणार? आणि बाईंनी मला हे सात तारखेलाच सांगायला हवं होतं.
दिवसभर डोक्यात भिंत.

१५ फेब्रुवारी
मधल्या सुट्टीत खिडकीवालीला बोलावून सांगितलं की पहिला निबंध जास्त चांगला होता. ती म्हणाली, "पण सर, त्याला चार दिले होते."
मी म्हटलं, ते विसर. चांगला तोच होता.
"मग दुसरा कशाला लिहायला लावलात?"
एवढ्यात घंटा झाली. शाळेची घंटा अतिशय योग्य वेळी होते, हे निरीक्षण नोंदवून ठेवतो.

१७ फेब्रुवारी
बावीसला मॅडम पाठ बघायला येणार. या पाठावर सगळं अवलंबून. यात गचका खाल्ला तर कोर्स पुढच्या वर्षी पुन्हा.
योजना बिनतोड आहे. लेखकाचं नाव न सांगता माझं प्रकरण वर्गात वाचायचं. मुलं भारावतील, चर्चा करतील. मग पाठाच्या शेवटी हळूच सांगायचं की लेखक तुमच्यासमोर उभा आहे. मॅडम पाहतच राहतील.
आरशासमोर हळूच सांगण्याची तालीम केली. भाची बघत होती. "नको सांगूस, मामा," म्हणाली. मत्सर याच वयात सुरू होतो.

२२ फेब्रुवारी, शाळेतून आल्यावर
पाठ झाला.
वाचन उत्तम झालं. माझा आवाज लागला होता. मग मी विचारलं, कसं वाटलं? निर्भीडपणे सांगा.
'निर्भीडपणे' म्हणायला नको होतं.
पहिल्या बाकावरचा म्हणाला, "मुलगा पन्नास वर्षांचा वाटतो." मागच्या बाकावरचे तिघे पहिल्यांदाच वेगवेगळं बोलले. एक म्हणाला, सर एकटेच बोलतायत, मुलगा नुसता 'होय गुरुजी' करतोय. दुसऱ्याने विचारलं, त्या सरांच्या चेहऱ्यावर तेज कसलं, घाम आलाय का? तिसऱ्याला लेखक हयात आहेत का ते हवं होतं. एका सज्जन मुलीने बाजू घेतली: "अरे, त्यांच्या काळात असंच लिहायचे."
वर्ग नुसता उसळला होता. एरवी ढकललं तरी बोलत नाहीत ती मुलं एकमेकांना तोडून बोलत होती. मॅडम भराभर काहीतरी लिहीत होत्या. मागे बाई रुमालात खोकत होत्या.
मग खिडकीवालीने हात वर केला. सगळ्या दिवसांत पहिल्यांदा.
"सर, हा मुलगा घरी गेल्यावर काय करतो?"
मी म्हटलं, ते या प्रकरणात नाहीये.
"सर समोर नसताना तो काय करतो, हे लेखकाला माहीत आहे का?"
मी म्हटलं, असेल.
"मला नाही वाटत," ती म्हणाली आणि बसली.
हळूच सांगायची वेळ आली तेव्हा फळा पुसला.

२३ फेब्रुवारी
मॅडमचा शेरा आला. पास! अगदी वरच्या श्रेणीत. शब्दशः लिहितो: 'विद्यार्थ्यांचा इतका मोकळा सहभाग क्वचितच पाहायला मिळतो. मुलांनी वाईट लेखन नेमकं ओळखलं. त्यासाठी मुद्दाम असा रटाळ उतारा निवडण्याची कल्पना अभिनंदनीय. असेच आणखी उतारे गोळा करावेत.'
आई म्हणाली, बघ, कौतुक केलंय. हो म्हटलं.
आणखी वीस प्रकरणं सुचलेली आहेत, हे मॅडमना कळवायचं की नाही, ते ठरवलेलं नाही.

२४ फेब्रुवारी
शेवटचा तास. काय शिकवावं सुचेना, म्हणून मुलांना म्हटलं, आज आपण सगळेच लिहू. मीपण लिहितो. विषय मुलांनीच ठरवला: 'घरी कुणी नसतं तेव्हा'. ओळी किती, असं एकानेही विचारलं नाही.
मला वाटलं, आपलं सगळ्यात आधी होईल. मुलांना वाईट नको वाटायला, म्हणून जरा सावकाश सुरुवात करायची ठरवलं.
वर्गात नुसता पेनांचा आवाज. मी पहिलं वाक्य लिहिलं: 'वस्तुतः एकांत हा मानवाचा'. खोडलं. दुसरं लिहिलं, त्यात उपमा आली. खोडलं. घरी कुणी नसतं तेव्हा मी खरंच काय करतो, हे आठवायला लागलो. आरशासमोर शिक्षक होतो, हे काही लिहिता येईना.
बाईंनी खिडकीवालीला कागद गोळा करायला सांगितले. एकेक बाक करत ती टेबलापाशी आली आणि हात पुढे केला. मी कागदावर कोपर ठेवलं.
"सर, तुमचं?"
म्हटलं, झालं नाही अजून.
तिने खोडलेल्या ओळींकडे बघितलं. जरा विचार केला. मग अगदी हळू, मागच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "असू दे सर. चारच ओळी लिहा. पण खऱ्या."