कोपऱ्यातलं अक्षर

सोमवार, ३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुला नमस्कार, आणि भाऊजींनाही. त्यांच्या गुडघ्याबद्दल तू गेल्या पत्रात एक अक्षर लिहिलं नाहीस, म्हणजे तो बरा असणार. दुखत असता तर चारही पानं त्यानेच भरली असती. इकडे सगळे मजेत. ह्यांनी गॅलरीत टोमॅटो लावलेत आणि रोज सकाळी माझ्याआधी हेच हजेरी घेतात. फोन का करत नाहीस म्हणून रागावू नकोस. फोनवर तू मला बोलू देतेस कुठे?

तर बातमी अशी, की तुझा विक्रम मोडला. बसून वाच.

आमच्या संगणकाच्या सरांनी चौथीच्या गणिताच्या चाचण्या फोनवर तपासायची टूम काढली आहे. मी आधी साफ नाही म्हटलं. तीस वर्षं लाल पेन चालवतेय, आता फोन मला शिकवणार? पण मोठ्या बाईंनी "एकदा करून तर बघा" म्हटलं आणि त्यांच्यापुढे माझं काही चालत नाही, हे तुला ठाऊक आहे. आता मुलं उत्तर लिहीत नाहीत, चार पर्यायांपैकी एक गोळा रंगवतात. वर आपला हजेरी क्रमांक आणि प्रश्नसंच अ की ब, तेही रंगवायचं. मी कागदावर फोन धरायचा, टिक्‌ वाजलं की गुण तयार. बेचाळीस मुलांचे बेचाळीस कागद, सात मिनिटं! त्यातलं एक मिनिट माझा अंगठा मध्ये येत होता म्हणून गेलं.

तू शाळेत शिकवायचीस तेव्हा तुझा तपासणीचा विक्रम अडतीस मिनिटांचा होता ना? तोही तुझी ती युक्ती वापरून. विषम क्रमांक म्हणजे बाकाचं डावं टोक म्हणजे संच अ, सम क्रमांक म्हणजे उजवं टोक म्हणजे ब. गठ्ठा क्रमाने लावायचा, एक अ, एक ब, असं झरझर उलटत जायचं, कोपऱ्यातलं संचाचं अक्षर बघत बसायचं नाही. मी पहिल्यांदा शाळेत लागले तेव्हा तू हे मला स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता शिकवलंस. त्या युक्तीनेही मला बावन्न मिनिटांच्या खाली कधी येता आलं नाही.

आता गंमत ऐक. मशीन चुकताना सापडलं! माझ्या वर्गात एक मुलगी आहे, आम्ही तिला टिकली म्हणतो. एवढीशी, गोल चेहऱ्याची, डावखुरी, दिवसभरात चार शब्द बोलेल तर शपथ. पहिल्या सत्रात बरी होती. मग तिच्या बाकावरची मैत्रीण शाळा सोडून गेली आणि हिचं मनच उडालं. तेव्हापासून वीसपैकी तीन, चार, तीन, चार. महिनाअखेरीस सगळ्या शाळेची उजळणी वर्गाची यादी लागते. त्यात नाव आलं की मूल त्याच इयत्तेत राहतं आणि बरोबरची पुढे जातात. टिकलीचं नाव त्या यादीत पहिलं आहे, मीच दिलंय. आणि तिला ह्या मशीनने किती द्यावेत? वीसपैकी एकोणीस!

मी तो कागद नाचवत संगणकाच्या सरांकडे गेले. म्हटलं, "घ्या, तुमचं मशीन वेड लागल्यासारखं गुण वाटतंय." ते म्हणाले, "बाई, मशीनला टिकली कोण हे माहीत नाही हो." मी म्हटलं, "तेच तर म्हणते मी!" सगळी खोली हसली. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

कळव.
तुझी धाकटी


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. "पेपर फोनने तपासायचे तर बाई कशाला हवी, खुर्चीवर फोनच ठेवा" हे वाक्य मी शिक्षकखोलीत वाचून दाखवलं. सगळ्यांनी दाद दिली. मी थोडी कमी दिली.

इकडे थंडी सरली. टोमॅटोला फूल आलं आणि ह्यांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं.

टिकलीचं तू विचारलंस. मला आधी वाटलं, हिने कुणाचं तरी बघून केलं. पण ती बाकावर एकटीच बसते, बघणार कुणाचं? म्हणून सोमवारी तिला माझ्या टेबलाशी बसवलं आणि नवीन वीस उदाहरणं दिली, तीही जरा अवघड. माझ्या डोळ्यांसमोर सोडवली, डाव्या हाताने, जीभ बाहेर काढून. पाच मिनिटं आधी कागद पुढे केला. मी मशीन बाजूला ठेवलं आणि लाल पेनाने तपासला.

वीसपैकी वीस.

तिने विचारलं, "जाऊ, बाई?" मी म्हटलं, "जा."

बाकी विशेष काही नाही. शाळेच्या जिन्याला नवा रंग देतायत, हात लावला की हिरवा होतो. भाऊजींना सांग, गुडघ्यावर वजन घेऊ नका.

तुझी धाकटी


गुरुवार, २७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

आधी एक सांगते आणि मग बाकीचं. जिंकले मी! अशी जिंकले, की घरी येताना रस्त्याने एकटीच हसत होते आणि फळवाल्याने "बाई, लॉटरी लागली का?" असं विचारलं. पण ही गोष्ट सुरू होते तिथे मी फारशी चांगली दिसत नाही. मागच्या पत्रात तुला जिना आणि रंग सांगत बसले ते त्यामुळेच. रागावू नकोस.

टिकलीचे वीसपैकी वीस पाहिल्यावर मला चैन पडेना. शाळा सुटल्यावर कपाट उघडलं. चाचण्यांच्या उत्तरांच्या चिठ्ठ्या मी वर्ष संपेपर्यंत ठेवते, तुझीच सवय. तिच्या मैत्रिणीने शाळा सोडल्यापासूनच्या नऊ चिठ्ठ्या काढल्या. पहिली पाहिली. टिकलीचा क्रमांक अठरा. सम. म्हणजे ब. चिठ्ठीच्या कोपऱ्यात छापलेलं होतं, अ.

दुसरी, अ. तिसरी, अ. नऊच्या नऊ.

ताई, मग उठून वर्गात गेले, तिच्या बाकावर बसले आणि सगळं लख्ख कळलं. ही डावखुरी. उजव्या टोकाला बसायची तेव्हा हिचा डावा कोपर मैत्रिणीच्या उजव्या कोपराला लागायचा, दोघींची अक्षरं वाकडी व्हायची. मैत्रीण गेली, बाक रिकामा झाला, तशी ही सरकून डाव्या टोकाला गेली. हात मोकळा झाला, खिडकीचा उजेडही मिळाला. कोणतंही शहाणं मूल हेच करेल. प्रश्नपत्रिका मी टोकांवरून वाटते, डाव्या टोकाला अ. तिला अ मिळायचा, ती अ सोडवायची. आणि मी? सतरा रिकामा, पुढचा क्रमांक अठरा, सम, ब. झरझर उलटायचं. दोन्ही संचांत तीन-चार उदाहरणं सारखी असतात. म्हणून तिला कायम तीन नाहीतर चार. चार महिन्यांत ही गोष्ट एकदाही माझ्या डोक्यात आली नाही, की एखादं मूल इतक्या शिस्तीत नापास कसं होईल?

सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा तपासल्या. एकशेऐंशी उदाहरणं. मी दिलेले गुण एकतीस. खरे गुण एकशे सहासष्ट.

मी तिच्या आईला बोलावून सांगितलं होतं, "मैत्रीण गेल्याचं मनाला लावून घेतलंय, घरी जरा बोला तिच्याशी." ती बिचारी शिवणकाम बाजूला ठेवून रोज तिच्याजवळ बसायची, तिला हसवायचा प्रयत्न करायची. तिला वाटत होतं, आपली मुलगी आतल्या आत झुरतेय.

यादीची बैठक गेल्या शुक्रवारी होती. मी आधी पर्यवेक्षक सरांना गाठून सांगितलं. भला माणूस. म्हणाले, "अहो, होतं असं. नाव काढून टाकू, गुण दुरुस्त करू, विषय संपला. बैठकीत कशाला बोलताय? तीस वर्षांचं नाव आहे तुमचं." खरं सांगू? मला तेच हवं होतं. मी मान हलवून बाहेरही पडले. व्हरांड्यात तिसरीच्या बाई भेटल्या, हातात गठ्ठा, उभ्या उभ्या तपासत होत्या. एक अ, एक ब. झरझर. मी तिथेच थांबले. त्यांना ही युक्ती कुणी शिकवली? मी. दुसरीच्या बाईंना? मीच. नवीन आलेल्या पोरीला तर पहिल्याच आठवड्यात, डबा खाता खाता, मोठ्या फुशारकीने.

बैठकीत मी उभी राहिले. हातात त्या नऊ चिठ्ठ्या. आवाज तू म्हणतेस तसा, मागच्या भिंतीपर्यंत जाणारा. सगळं सांगितलं. युक्ती काय, ती कशी चुकली, एकतीस आणि एकशे सहासष्ट. शेवटी म्हटलं, "ही युक्ती मी तुमच्यापैकी चौघांना शिकवली आहे. आजच्या आज कपाटं उघडा आणि कोपरे बघा."

मला वाटलं, आता झाली आपली शोभा. तेवढ्यात तिसरीच्या बाई उठल्या आणि बाहेर गेल्या. अर्ध्या तासाने परत आल्या त्या दोन गठ्ठे घेऊन. डोळे लाल, पण आवाज खणखणीत. "माझ्याकडे एक सापडला," म्हणाल्या. "चष्मा लागला म्हणून मीच त्याला पुढच्या बाकावर घेतलं होतं. टोक बदललं आणि मला कळलं नाही." दुसरीत आणखी एक निघाली. यादीतली तीन नावं त्या दिवशी खोडली गेली, ताई! तीन! मोठ्या बाईंनी स्वतः खोडली, पेन असं दाबून की खालच्या पानावर वळ उठले. मग म्हणाल्या, "पुढच्या महिन्यापासून सगळ्या वर्गांच्या चाचण्या फोनवर. आणि ते शिकवायचं काम संगणकाच्या सरांचं नाही. तुमचं." म्हणजे माझं! संगणकाच्या सरांनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. मी त्यांना सगळ्यांसमोर सांगितलं, "मशीनला वेड लागलंय म्हटलं होतं, ते शब्द मागे घेते." ते म्हणाले, "राहू द्या हो, मशीनने मनावर घेतलेलं नाही."

तुझ्या टोमण्याचं उत्तरही आता देते. मशीन शहाणं वगैरे काही नाही. टिकली हुशार की ढ, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. ते प्रत्येक कागदावर संच बघतं, बेचाळीसच्या बेचाळीस वेळा, कंटाळत नाही. आणि माझी जी पाऊण तासाची तपासणी वाचली, त्यात मी शनिवारी पाच-सहा मुलांना टेबलाशी घेऊन बसते, कोण कुठे अडतंय ते बघते. इतक्या वर्षांत मला हे कधी जमलं नव्हतं. बाई कशाला हवी म्हणून विचारलंस ना? याला हवी.

सोमवारी टिकलीच्या आईला बोलावलं आणि हात जोडून माफी मागितली. तिने आधी एकशे सहासष्ट हा आकडा दोनदा विचारला. मग मला बाजूला सारून वर्गात घुसली, पोरीला उचलून घेतलं, नऊ वर्षांच्या घोडीला! आणि जाताना माझ्याकडे बघून म्हणाली, "चार महिने मी हिला उगीच हसवत होते." रागावली असावी. तेवढा तिचा हक्क आहे.

मग मी अख्ख्या वर्गासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "बाईंनी चूक केली. टिकलीची उत्तरं बरोबर होती, बाईंनी ती चूक धरली. बाई तिची माफी मागतायत." बेचाळीस तोंडं उघडी. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि असा दणका उडाला, की शेजारच्या वर्गाचे सर धावत आले. टिकली उभी राहिली. लाल झाली होती. म्हणाली, "बाई, मला तेव्हापण माहीत होतं."

आता ते सांगते, जे बैठकीतही सांगितलं नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या चाचणीनंतर ती माझ्या टेबलाशी आली होती. चिठ्ठी हातात धरून म्हणाली, "बाई, माझं बरोबर होतं." चार शब्दसुद्धा न बोलणारी मुलगी, तेवढेच चार शब्द बोलायला एवढं अंतर चालून आली. मी मान वर केली नाही. म्हटलं, "सगळे असंच म्हणतात. जा, घरी सराव कर." ती गेली. परत कधी आली नाही. वर्गात ती म्हणाली "तेव्हापण", तेव्हा मला कळलं की ती तो दिवस विसरलेली नाही. मीही नव्हते विसरले. चिठ्ठ्या काढताना सगळ्यात आधी मला तोच आठवला होता.

ताई, तुला वाटेल, सगळ्यांसमोर हिने माझ्या युक्तीचे वाभाडे काढले. तसं नाही. बैठकीत मी तुझं नाव घेतलं नाही. युक्ती माझी, असंच सांगितलं. तुझी अब्रू राखायला नव्हे. ते खरंच होतं म्हणून. कोपरा बघायचा नाही, हे तू शिकवलंस. पण मूल समोर येऊन बोलेल तेव्हा मान वर करायची नाही, हे तू मला कधीच शिकवलं नव्हतंस. ते माझं मी शिकले होते, आणि या आठवड्यात विसरले.

बेचाळीस मुलांची बाई, आणि तुझी,
धाकटी