शेळ्यांच्या वाटेवरची तार

२८ ऑगस्ट, मंगळवार

तार! जनावरांसाठी लावतात ती विजेची तार — आणि ती शेळ्यांच्या वाटेवर आडवी! ओढ्याकडच्या उतारावरून सायकल सुसाट सोडलेली, वळण घेतलं आणि समोर ही. ब्रेक असे करकचून दाबले की मी एकीकडे आणि सायकल दुसरीकडे. पडले ती थेट ब्लॅकबेरीच्या काट्यांत. कोपर सोलवटलं, चड्डी फाटली. पलीकडे अर्माँच्या पांढऱ्या गायी रवंथ करत माझ्याकडे बघत होत्या. जसा मालक तशा गायी!

हा अर्माँ म्हणजे टेकडीवरचा शेतकरी. वाटेच्या दोन्ही बाजूंची कुरणं त्याची. आता मधली वाटही हवीय. पंचायतीला अर्ज केलाय म्हणे — 'या वाटेने कुणी जात नाही, मला विकून टाका.'

कुणी जात नाही? मग मी कोण, भूत?

३१ ऑगस्ट, शुक्रवार

गावच्या मेयरबाईंकडे जाऊन आले. शाळेच्या स्वयंपाकघरात मी त्यांच्या पोरांना वर्षानुवर्षं वाढलंय, त्यामुळे आत सोडलं. नाहीतर शुक्रवारी दुपारी कोण भेटतं!

म्हणाल्या, "कोलेत, कायदा सरळ आहे. गावची वाट वापरात असेल तर विकता येत नाही. पडीक असेल तर येते. चौदा तारखेला मतदान."

"वापरात आहे की!"

"मग दाखव. नऊ तारखेला तुमच्या सायकल क्लबची फेरी आहेच. माझा माणूस वाटेवरच्या ओकच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसेल. सायकली गेल्या की तो लिहील. नाही गेल्या तर तेही लिहील."

सगळं आता त्या एका रविवारावर आलं. ही वाट गेली तर आमची फेरी मोठ्या सडकेवरून न्यावी लागणार, दुधाच्या टँकरांच्या मधून. डोंगरी सायकली घेऊन लांबून येणारी माणसं काय टँकर बघायला येतात? दोन वर्षांत फेरी बंद पडेल. वीस वर्षं जपलंय हे मी. रविवार पुढेही ढकलता येत नाही, त्याच्या पुढच्या आठवड्यात शिकारीचा हंगाम उघडतो आणि मग रानात बंदुकवालेच बंदुकवाले.

निर्णय होईपर्यंत तार काढायला सांगितलंय त्याला. तेवढं तरी झालं.

२ सप्टेंबर, रविवार

आज वाट साफ केली. मी, तिएरी आणि त्याचा कोयता. तिएरी म्हणजे क्लबचा खजिनदार, निवृत्त प्लंबर, आणि तोंडाची टकळी अशी की कोयत्यापेक्षा तीच जास्त चालते. तासभर काटे तोडल्यावर म्हणतो, "कोलेत, खरं सांगू? अर्माँचं थोडं बरोबर होतं. इथून शेवटचं कुणी गेलं असेल तर ते रानडुक्कर."

"तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"मी जेवणाच्या बाजूने आहे."

तेवढ्यात ट्रॅक्टरवरून अर्माँची स्वारी हजर. मी हातमोजा काढून पुढे झाले, भांडण असलं म्हणून काय झालं, गालाला गाल लावायची रीत आहे. म्हातारा ट्रॅक्टरवरून उतरलाच नाही!

"माझ्या गायी बिथरतात तुमच्या त्या चाकांनी."

"तुमच्या गायी रणगाड्यानेही बिथरणार नाहीत, अर्माँ."

"तू शाळेत भाज्या चीर. शेती मला शिकवू नकोस."

असा राग आला! तोंडावर मात्र हसले. घरी येऊन कांदे चिरले, फार बारीक चिरले गेले.

५ सप्टेंबर, बुधवार

चाचणी म्हणून वाटेवर बांधलेल्या खुणेच्या सगळ्या फिती गायींनी खाल्ल्या. सगळ्या! म्हणूनच खुणा आदल्या दिवशी दुपारीच लावायच्या असतात. एवढं साधं मला कळू नये?

८ सप्टेंबर, शनिवार

बाण लावून झाले. खांबाला स्टेपल, झाडाला खिळा नाही, हा आमचा नियम. फाट्यावरचा बाण सगळ्यात महत्त्वाचा: डावीकडे शेळ्यांची वाट, उजवीकडे अर्माँचं घर. तो मी स्वतः लावला, हलवून पाहिला, जमिनीवर चुन्याची रेघही मारली.

अर्माँची बायको लुसेत फाटकाशी आली होती. खुब्याच्या ऑपरेशननंतर अजून काठी लागते. बिचारी! नवऱ्याने एकेकाशी भांडण काढलंय, पण दार बंद झालं ते तिचं. गुरुवारच्या पत्त्यांच्या डावालाही आता तिला कुणी बोलवत नाही. मीही नाही बोलवलं, कशाला खोटं लिहू.

"उद्या किती जण?"

"ऊन पडलं तर दीडशे."

"आणि सगळे खालून जाणार?"

"हो. तुम्हाला काही त्रास नाही व्हायचा, लुसेत."

"त्रास कसला," म्हणाली. घरातून आलुबुखार शिजल्याचा घमघमाट येत होता. मी थांबले असते, पण अजून ओढ्याचा टप्पा राहिला होता.

९ सप्टेंबर, रविवार

नीट लिहिते.

सकाळी धुकं, मग लख्ख ऊन. माणसं बघून डोळे निवले. फुटक्या हेल्मेटवाले आजोबा, ल्यों शहरातून आलेल्या चकचकीत बाया, आपला पाववाला, सगळे चिखल उडवायला आतुर. तिएरी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या पुढे जाऊन वाट तपासून आला. "सगळे बाण जागच्या जागी!" मग सोडले.

मी ओढ्यापाशी, खाण्याच्या टेबलावर. पाव, सॉसेज, काकडीचं लोणचं, आल्याचा केक, लाल वाईन. सगळं मांडून वाट बघतेय. कुणी येईना. वर ओकखाली मेयरबाईंचा माणूस खुर्चीवर पेंगतोय. कुणी येईना! शेवटी शिट्टी वाजवावी तसा एक आवाज आला डोंगरावरून — माणसांच्या हसण्याचा.

सायकल काढली आणि चढ चढत गेले. फाट्यावर बघते तर बाण उजवीकडे! चुन्याची रेघ पायाने पुसलेली. आणि अर्माँच्या अंगणात अख्खी फेरी! सायकली कोंबड्यांच्या खुराड्याला टेकवलेल्या, माणसं भिंतीवर बसलेली, हातात आलुबुखाराच्या गोड टार्टचे हे एवढे तुकडे. लुसेत काठी विसरून पाण्याचा जग घेऊन फिरतेय, गाल लालबुंद. ल्योंच्या बाया म्हणतात, "असा थांबा आयुष्यात मिळाला नाही!"

माझं डोकंच फिरलं. ओरडले, "बाण कुणी फिरवला?"

अर्माँ गोठ्याच्या दारात उभा होता. अंगणावरून एकदा नजर फिरवली, लुसेतकडे पाहिलं, आणि म्हणाला, "मी."

"लाज नाही वाटत? गावची वाट ढापायला गावच्याच माणसांना चकवता? चोर आहात तुम्ही, अर्माँ! चोर!"

त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. लुसेत टार्ट कापत राहिली, मान खाली.

मेयरबाईंच्या माणसाने कागदावर लिहिलं: शेळ्यांच्या वाटेने एकही सायकल गेली नाही. खरंच आहे ते. उतारावरून परत येताना मी रडले. डोळ्यांत धुरळा गेला म्हणून सांगितलं तिएरीला.

१० सप्टेंबर, सोमवार

मांड्या दुखतायत. राग उतरलेला नाही. गावभर सांगून झालं.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

काय दिवस! काय दिवस!

पंचायतीची खोली गच्च. सगळ्यांना कळलं होतं ना, मीच सांगितलं होतं. मेयरबाईंनी कागद वाचला. वाट वापरात असल्याचा पुरावा नाही. तिएरीने माझा हात दाबला. मला वाटलं, झालं, संपलं. वीस वर्षं एका बाणाने गिळली.

आणि अर्माँ उठला. लग्नातला कोट घातला होता म्हाताऱ्याने!

"अर्ज मागे घेतोय."

"का?" मेयरबाईंनी विचारलं.

"वाट असू द्या. काढून ठेवलेली तार उद्या गुंडाळून नेतो." एवढंच बोलून बसला. मागून कुणीतरी म्हणालं, "शरम वाटली वाटतं चोराला!" सगळे हसले. मीही हसले. खूप हसले! बाहेर तिएरीने सगळ्यांना पाजली. मी दोन पेले जास्तच घेतले. वाट वाचली! म्हातारा नमला! अशी जिरवली की विचारू नका!

१६ सप्टेंबर, रविवार

आज पाव घ्यायला गेले तर लुसेत दुकानाबाहेर बाकावर बसलेली, माझीच वाट बघत. बस म्हणाली. बसले.

"बाण मी फिरवला, कोलेत. काठीने. ह्यांना ठाऊकच नव्हतं. तू ओरडलीस तेव्हाच कळलं त्यांना. मला एका शब्दाने बोलले नाहीत. सगळे गेल्यावर फक्त विचारलं, 'घरात माणसं आली, बरं वाटलं का गं तुला?' मी म्हटलं, हो."