शनिवारचं लिंबू

मंगळवार, संध्याकाळ

चीड नेमकी कोणावर आली आहे, तेच कळत नाही. पिठाच्या गोण्या अजून आमच्या व्हरांड्यातच आहेत. मेडशीपलीकडच्या वस्तीत नाल्याचं पाणी शिरून घरोघरचं धान्य कुजलं, आणि पीठ इथे.

आमची जीप बंद, म्हणून गजाननचा मालवाहू ऑटो जाणार होता. यांनी सकाळपासून खपून त्याचा क्लच दुरुस्त केला, मग हौसेनं सगळा ऑटो पुसून काढला. पुढे बांधलेलं लिंबू-मिरची तेलकट बोळ्याबरोबर कचऱ्यात गेलं.

गजानन आला आणि ऑटोसमोर थबकला. "भाऊ, लिंबू कुठी हाय?"

"वाळलं होतं. फेकलं," हे हसत म्हणाले.

तो हसला नाही. मी परसातलं ताजं लिंबू तोडून आणलं, तर म्हणाला, "कोन्याही दिवशी नाही बांधत, वहिनी. घरी लेकरं हायेत मले. शनवारी बांधतो, मंगच गाडी काढतो."

शनिवार! त्या चिखलात दुसरं कोणी गाडी घालत नाही. मी ओरडणारच होते, पण कोणत्या तोंडानं? जीपच्या आरशाला टांगलेल्या क्रुसाला हात लावल्याशिवाय हे कधी किल्ली फिरवत नाहीत.

वाळलं होतं म्हणे. फेकलं म्हणे.

जेवणाआधीच्या प्रार्थनेत यांनी गजाननच्या अंधश्रद्धेसाठी देवाकडे क्षमा मागितली. मुलीनं आमेन म्हटलं. माझ्या तोंडून निघालं नाही.