दबीरीसाहेबांचा पैलवान आमच्या टाकीत

शिराज,
फरवर्दीन महिन्याची अखेर

परमप्रिय व आदरणीय कयूमर्सदादांच्या सेवेशी,

धाकट्या चुलतभावाचा, नौजरचा, छातीवर हात ठेवून सलाम. तुमच्यावरून जीव ओवाळून टाकतो. गुडघे कसे आहेत? रश्तच्या दमट हवेत यंदा तरी त्यांनी तुमचं ऐकलं का? वहिनींनाही सलाम. त्यांनी पाठवलेलं लसणाचं लोणचं सुखरूप पोचलं. तुमच्या भावजयीने, मोनीरने, ते "जितकं मुरेल तितकं औषधी" म्हणून कपाटात कुलपात ठेवलं आहे, तेव्हा चवीबद्दल माझ्या वारसांना विचारावं. इकडचं म्हणाल तर सगळं ठीक आहे. (काहीही ठीक नाही. पण पत्राच्या आरंभालाच रडगाणं गाऊ नये असं आपले आजोबा सांगत, म्हणून मी इथवर थांबलो.)

तुम्हाला आठवत असेल, गेल्या वर्षीच्या नवरोजला सणाच्या ताटाजवळ जो लाल मासा काचेच्या भांड्यात ठेवला होता, तो रिवाजाप्रमाणे तेराव्या दिवशी ओढ्यात सोडायला गुलरुखने साफ नकार दिला. पंचविशी ओलांडलेली आमची लेक, पण भांडं पोटाशी धरून अशी बसली की मला टाकी आणणं भाग पडलं. टाकी म्हणजे फार मोठी नव्हे, दिवाणखान्यातल्या कपाटावर मावेल एवढी. आता माझी सगळी नोकरी पाणीखात्यात गेली, त्यामुळे पाण्यातल्या प्राण्यांचं मला कळतं असा माझा समज. मी रंग बघून मासे आणत गेलो. रंगीत शेपट्यांचे गप्पी आणले. त्यांना पाणी कोमट लागतं म्हणून हीटर लावला, तर लाल मासा उन्हाळ्यात सरकारी कचेरीत बसल्यासारखा धापा टाकायला लागला. त्याला अंगणातल्या हौदात हलवला. मग काळ्या पट्ट्यांचे बार्ब आणले, दिसायला गोजिरवाणे, पण त्यांनी गप्प्यांच्या शेपट्या कुरतडून त्यांची पार रया घालवली. तेव्हा तुम्ही लिहिलंत, "गाढवा, आधी तोंड बघ, मग रंग बघ. ज्याच्या तोंडात दुसरा मावतो, तो आज ना उद्या त्याला गिळतोच. आणि लहान टाकीत लहान स्वभावाची माणसं ठेव." (तुम्ही "माणसं" लिहिलं होतंत. मी दुरुस्ती केली नाही.) मी बार्ब परत केले, फक्त गप्पी ठेवले, आणि कित्येक महिने घरात इतकी शांतता होती की मोनीर म्हणाली, मासे तुमच्यापेक्षा बरे, तोंड उघडतात पण बोलत नाहीत.

आता मुख्य दुखणं. गुलरुखला एक चांगलं स्थळ आलं आहे. मुलाचं नाव सियामक, चष्म्यांचं दुकान आहे, अबोल आहे, पण गुलरुख समोर आली की स्वतःचाच चष्मा पुसत बसतो, यावरून काय ते ओळखा. आणि आमची गुलरुख, जिने आजवर प्रत्येक मुलात खोट काढली, तिने या वेळी नुसतं "तुम्ही म्हणाल तसं" म्हटलं. मोनीर म्हणाली, पोरगी गेली हातची. मलाही मनापासून आनंद झाला. सियामकचे वडील दबीरीसाहेब म्हणजे सौजन्याची खाण. दारात आधी कोणी शिरायचं यावरून आम्ही दोघं एकदा इतका वेळ "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत उभे राहिलो की आतलं जेवण गार झालं. ठरलं असं, की नवरोजला आधी आम्ही त्यांच्याकडे जायचं, मग त्यांनी परतभेटीला आमच्याकडे यायचं, आणि त्या परतभेटीत निकाहाची तारीख काढायची.

आम्ही गेलो. त्यांच्या दिवाणखान्यात आमच्या न्हाणीघराएवढी टाकी, आणि तीत एकच मासा. ऑस्कर जातीचा, माझ्या चपलेएवढा, काळ्या अंगावर निखारे फुलल्यासारखे ठिपके. नाव पैलवान. दबीरीसाहेबांच्या हातून खातो, ते दिसले की शेपटी हलवतो, ते गावाला गेले की रुसून तळाशी आडवा पडतो. दादा, मला पिस्त्यांची तारीफ करता आली असती. गालिच्याची करता आली असती. पण मी म्हणालो, "वा! काय रुबाब आहे!" हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. दबीरीसाहेबांनी तत्काळ छातीवर हात ठेवला. "पेशकश! आजपासून तुमचा!"

आपली रीत तुम्हाला माहीत आहे. (माहीत असून तुम्ही ती कधी पाळली नाहीत, हा भाग वेगळा.) त्यांनी देऊ करायचं, मी नाकारायचं, असं तीनदा झालं की दोघांचीही अब्रू राहते आणि वस्तू जिथल्या तिथे राहते. मी पहिल्यांदा म्हणालो, "छे, छे, धन्याकडेच शोभतो." ते म्हणाले, "तुमच्या पायधुळीची सर आहे का त्याला!" मी दुसऱ्यांदा म्हणालो, "लाजवू नका साहेब." इथवर सगळं सुरळीत. तेवढ्यात त्यांच्या बायकोने चहा पुढे केला. मी सवयीने साखरेचा खडा दातांत धरला आणि मोठा घोट घेतला. तो चहा नव्हता दादा, वितळलेलं शिसं होतं. आणि नेमके त्याच क्षणी दबीरीसाहेब म्हणाले, "नौजरसाहेब, माझ्या मरणाची शपथ आहे, नाही म्हणू नका!" आता मी "नाही" म्हणणार कसा? गिळता येईना, थुंकता येईना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी त्या दिवशी खाल्ला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, छातीत आग उतरली, म्हणून हात आपसूक छातीवर गेला आणि मान खाली झुकली. पाणावलेले डोळे, छातीवर हात, झुकलेली मान! आपल्या देशात याचा जो अर्थ होतो तोच त्यांनी घेतला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, पण माणूस खानदानी. स्वतः उठून बादली आणली. पैलवानाला बादलीत घालताना त्याच्या कानात काहीतरी पुटपुटले. (माशाला कान कुठे असतात, हे मी त्या वेळी विचारलं नाही.)

आमच्या टाकीत पैलवानाला धड वळताही येईना. अरुंद गल्लीत ट्रक अडकावा तसा तो तोंड भिंतीला लावून उभा. सकाळी उठून पाहतो तो एकही गप्पी शिल्लक नाही, आणि पैलवान तळाशी कुशीवर पडलेला. मोनीरने ओढणी सावरून मनातल्या मनात फातेहासुद्धा म्हटला. मी बोट लावून बघायला गेलो तर कडकडून चावला. मेला नव्हता, रुसला होता. मग उठला आणि दगड हलवू लागला. मी एका बाजूला लावले की हा दुसऱ्या बाजूला नेऊन टाकतो. झाडं उपटून वर तरंगत ठेवली. हीटरला इतक्या धडका दिल्या की मोनीर म्हणाली, "अहो, याला काढा, नाहीतर मला तरी माहेरी पाठवा." परत करावा, तर दिलेली भेट परत करणं म्हणजे "तुमचा मुलगाही नको" असं सांगणं. मोठी टाकी आणावी, तर तिच्यासाठी जेवणाचं टेबल बाहेर काढावं लागेल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मी एक युक्ती केली. परतभेटीच्या दिवशी टाकी अशी मधोमध मांडली की आंधळ्यालाही दिसावी. दबीरीसाहेब पैलवानाकडे बघून एक शब्द जरी चांगला बोलले, तरी मी लगेच "पेशकश!" म्हणून बादली पुढे करणार होतो. बादली सोफ्याच्या मागे तयार होती. पण तो सज्जन माणूस माझा डाव ओळखून असेल, किंवा आपण बोललो तर नौजरला मासा द्यावा लागेल या भिडेने असेल, टाकीकडे बघेचना! ते पडद्यांची तारीफ करायला लागले. मग भिंतीवरच्या घड्याळाची. मी नाइलाजाने घड्याळ देऊ केलं, त्यांनी ते तीनदा रीतसर नाकारलं. (त्यांना जमतं हो. त्यांनी चहा निवेपर्यंत पेल्याला हात लावला नव्हता.) इतक्यात पैलवानाला धन्याचा आवाज ओळखू आला. तो काचेला येऊन भिडला आणि शेपटीने असं पाणी उडवलं की खाली गालिचा भिजला. दबीरीसाहेबांचे डोळे भरून आले. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पडदे... खरोखर फार सुंदर आहेत." मला स्वतःची इतकी लाज वाटली की काय सांगू. त्यांच्या बायकोला मात्र राहवेना. म्हणाल्या, "त्याला इथे जागा पुरते का हो?" झालं! आमची मोनीर कसली ऐकून घेते? "जागा मनात असावी लागते, बाई," असं म्हणून तिने मिठाईची बशी जरा जास्तच जोरात ठेवली. त्यानंतर तारखेचा विषय कोणी काढलाच नाही. ते "पुन्हा बसू कधीतरी" म्हणून गेले, आणि "कधीतरी" म्हणजे काय ते तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. दार लागल्यावर गुलरुख माझ्यासमोर उभी राहिली. "बाबा, एका साखरेच्या खड्यापायी माझं लग्न मोडलंत!" एवढंच बोलली आणि खोलीत जाऊन बसली. तिचं रडणं दाराबाहेर ऐकू येत होतं. दादा, या घरात आता जेवण होतं, पण कोणी कोणाला वाढत नाही.

भीड ही भिकेची बहीण, हे मला पटलं आहे. म्हणून निर्लज्जपणाने लिहितो. आपल्या सबंध खानदानात "घ्या ना" म्हटल्याबरोबर घेणारा माणूस एकच, तो म्हणजे तुम्ही. माझ्या आईचा चहाचा समोवार मी एकदा, फक्त एकदा, रीत म्हणून देऊ केला होता. तुम्ही तो झाकणासकट बसमध्ये चढवलात. त्या अपमानाला मी आज तुमची कला म्हणून वंदन करतो. तुम्ही शिराजला यावं. आमच्याकडे बसून पैलवानाची तारीफ करावी. मी "पेशकश" म्हणेन, तुम्ही पहिल्याच फेरीत उचलावा. मग दबीरीसाहेबांकडे जाऊन सांगावं, "इतक्या लांब मासा नेणं जमणार नाही, अमानत म्हणून तुमच्याकडे ठेवतो." अमानत नाकारता येत नाही. मासा घरी पोचेल, माझी अब्रू राहील, पोरीचं लग्न होईल, आणि उद्धट म्हणून नाव पडेल ते तुमचं, ज्याची तुम्हाला सवय आहे.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला, तुमच्या पायाची माती,
नौजर

ता. क. झाकण घट्ट बसेल अशी बादली आणावी. तो उडी मारतो.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवण्याआधी मोनीरने पत्र वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. म्हणाली, "दोन म्हाताऱ्यांच्या नम्रपणात पोरं म्हातारी व्हायची!" तिने तडक दबीरीबाईंना फोन लावला. आधी दोघी एकमेकींना टोचून बोलल्या, मग हसल्या, मग तासभर हसतच होत्या. तोडगा असा निघाला, की मुलीच्या रुखवतात भांडीकुंडी, गालिचा आणि गाद्यांबरोबर पैलवानही सासरी जाईल. रुखवत कोणी नाकारत नसतं! पुढच्या महिन्यातली तारीखही ठरली. सुंठीवाचून खोकला गेला. तेव्हा मासा न्यायला येऊ नये, लग्नाला मात्र वहिनींसह जरूर यावं, आणि कृपा करून तिथे कशाचीही तारीफ करू नये. आणखी एक गोष्ट मला आजच कळली. मी दुपारी झोपलो की सियामक रोज "पैलवानाचं पाणी बदलायला" येतो आणि गुलरुख बादली धरते. पाणी आठवड्याला थोडंसं बदललं तरी पुरतं, असं तुम्हीच लिहिलं होतंत ना? मी मोनीरला तसं म्हणालो, तर ती म्हणाली, तुम्ही झोपा.

ता. क. तिसरा. हे मोनीरला न दाखवता लिहितो आहे. आता पैलवान माझ्याही हातून खायला लागला आहे. पुढच्या महिन्यात तो जाईल, आणि गुलरुख जाईल. रिकाम्या टाकीसमोर मी आणि मोनीर कसे बसणार, हे मला अजून सुचत नाही. तेव्हा दादा, या पत्रातली खरी मागणी एवढीच. तुम्हाला माशांचं इतकं कळतं, तर एखादा मासा सुचवा. टाकी लहान आहे. सोबतीला दोन माणसं आहेत, वयस्क, पाण्याबाहेरची, एक जरा चावरं. त्यांच्याशी पटेल असा हवा.