लोकांना काय सांगायचं

४ जानेवारी, शनिवार. सायंकाळी ७.
नवी वही. गेल्या वर्षीची वही १९ जानेवारीला बंद पडली. यंदा तसं होणार नाही.

आधी मुद्द्याचं. आमचा नयन सहा वर्षांचा आहे. दिवाळीच्या आधी डॉक्टरांनी ऑटिझम म्हणून सांगितलं. मी फिजिक्सचा माणूस, चौदा वर्षं ज्युनिअर कॉलेजात शिकवतोय. जे आहे ते आहे. मला याची अजिबात लाज वाटत नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण बायकोला, म्हणजे सुरभीला, वाटतं की मला वाटते.

आज पुसदला थेरपिस्ट अर्पिता मॅडमकडे गेलतो. त्यांनी तासभर नयनला नुसतं बघितलं आणि घरी ठेवायच्या वस्तूंची यादी दिली. अंगाला गच्च लपेटणारा कापडी झोका, मोठा बॉल, वजनदार पांघरूण, चावायला रबराचं पदक (तो शर्टाच्या कॉलर खातो) आणि कानावर लावायचे मफ. दिसतात हेडफोनसारखे, पण आत गाणंबिणं काही नसतं. बाहेरचा आवाज कमी करतात, बस. मॅडम म्हणाल्या, सगळं एकदम घेऊ नका. पोरगं कशाकडे धावतं आणि कशापासून पळतं ते बघा, एकेक वापरून बघा, तोच निवडेल. मी हो हो म्हटलं. सहा वर्षांच्या पोरानेच निवडायचं तर बाप कशाला आहे?

येताना एसटीत आमच्या उमरखेडचेच ओळखीचे भेटले. पुसदला काय काम काढलं म्हणाले. मी म्हटलं, लग्नाची पत्रिका द्यायला. कोणाचं लग्न, ते विचारतील असं वाटलं नव्हतं.

६ जानेवारी, सोमवार.
शास्त्रीय पद्धतीने काम सुरू. तक्ता केला. पहिला रकाना वस्तू, दुसरा उपयोग, तिसरा ‘लोकांना काय सांगायचं’. तिसऱ्या रकान्यात ज्या वस्तूचं उत्तर चटकन सुचेल ती आधी घ्यायची. सुरभीला दाखवला. ती म्हणाली, यात नयन कुठल्या रकान्यात आहे? मी म्हटलं, तो गृहीत आहे.

तिने सांगून टाकलं की कोणी विचारलं तर ती खरं तेच सांगणार. हा हट्टीपणा आहे. खरं सांगायला माझी काही हरकत नाही, फक्त आत्ता नको. शैक्षणिक वर्ष संपू दे.

९ जानेवारी, गुरुवार.
बंगई आली. सागवानी फळीचा झोपाळा, पितळी कड्या. मॅडमनी कापडी झोका लिहिला होता, पण तो खोलीच्या मध्यात पोत्यासारखा लोंबकळताना दिसला तर माणूस विचारणारच. बंगईबद्दल कोणी विचारत नाही. उलट चांगल्या घरची खूण आहे.

नयन बसला नाही. कड्या कर्रकर्र वाजल्या की कान दाबून स्वयंपाकघरात. तेल घातलं. तरी नाही. आई बसते, दुपारी पान लावत. तिला आवडली. एकूण खरेदी वाया गेली असं म्हणता येणार नाही.

१२ जानेवारी, रविवार.
बॉल. तिसरा रकाना: ‘माझा व्यायाम’. समोरचे नानाजी रिटायर्ड आहेत, दिवसभर गॅलरीत असतात. त्यांनी विचारलंच. मी म्हटलं, पोट कमी करतोय. नानाजी म्हणाले, मीही येतो, दोघं मिळून करू.

रोज सकाळी सहाला येतो म्हणाले. नाही कसं म्हणणार?

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.
सुरभीचं हळदीकुंकू. तीसेक बायका. गडबड, हसणं, बांगड्या. नयनला त्रास होईल म्हणून मी त्याला मागच्या खोलीत ठेवलं आणि दाराला बाहेरून कडी लावली. त्रास होऊ नये म्हणूनच.

तरी पूर्ण यश नाही. पाणी प्यायला म्हणून तो माझ्याबरोबर बाहेर आला आणि कुंदामावशीने गळ्यातलं रबराचं पदक पाहिलं. हे काय म्हणाली. तिसऱ्या रकान्यात मी ‘फॅशन’ लिहिलं होतं. ऐन वेळी तोंडातून निघालं, देवाचं आहे, कळंबच्या चिंतामणीचं. मावशीने हात जोडले. मग तिला दिसलं की तो ते चावतोय. देवाचं चावतो आणि तुम्ही बघत बसता, असं म्हणून तिने ते त्याच्या तोंडातून ओढलं, धुतलं आणि देवघरात नेऊन ठेवलं. नयनने सगळी संध्याकाळ बाही चावली. पार मनगटापर्यंत ओली.

गेल्या महिन्यातच माझं कॉलेजात वैज्ञानिक दृष्टिकोनावर व्याख्यान झालं. चांगलं झालं होतं.

सुरभी माझ्याशी बोलत नाही. कडी तिला दिसली.

१७ जानेवारी, शुक्रवार.
वजनदार पांघरूण आलं. पार्सल घेताना नानाजी बॉलवर होते. त्यांना सांगितलं, माझ्या मणक्यासाठी. दुपारपर्यंत स्टाफरूममध्ये माझ्या मणक्याची बातमी. तिघांनी तेल सुचवलं, एकाने वैद्य. प्राचार्यांनी परीक्षेच्या कामातून सूट देऊ का विचारलं. घेतली.

आता पांघरूण मलाच घ्यावं लागतं. छान झोप लागते.

२१ जानेवारी, मंगळवार.
कानाचे मफ आले. मापाचा अंदाज येईना, म्हणून लहान आणि मोठे असे दोन मागवले होते. मोठे नयनला बरोबर बसले.

सकाळी सुरभीने मिक्सर लावला. रोज मिक्सर लागला की हा किंचाळत अंगणात पळतो. आज मफ घालून ओट्याजवळ आला. उभा राहिला. मिक्सरच्या भांड्यात शेंगदाणे कसे फिरतात ते बघत राहिला, संपेपर्यंत. मग त्याने सुरभीचा हात धरून मिक्सरवर ठेवला. पुन्हा लाव.

सुरभी रडली. मीही थोडा. एवढ्या वस्तूंत ही एकच मी विचार न करता घेतली, तिसरा रकाना कोरा असताना. तो आज भरून टाकायला हवा. सव्वीस जानेवारीला नयन कॉलेजात येणार आहे.

२६ जानेवारी, रविवार. दुपारी.
झेंडावंदनाला बँड आणि दोन मोठे स्पीकर. नयन मफ घालून दीड तास माझ्या बाजूला शांत बसला. गेल्या वर्षी आम्ही राष्ट्रगीताआधी निघून आलो होतो, पोट दुखतं सांगून.

प्राचार्य म्हणाले, पोरगा काय ऐकतो? मी म्हणालो, ऑनलाईन इंग्रजी. ते थक्क झाले. बाकीचेही वळून बघायला लागले. खरं सांगतो, मला बरं वाटलं. सहा वर्षांत पहिल्यांदा कोणी नयनकडे अशा नजरेने पाहिलं.

मग चहाच्या वेळी बळीराम आला. आमचा शिपाई, ढाणकीहून येणं-जाणं करतो, सज्जन माणूस. मला बाजूला घेऊन म्हणाला, “सर, माही खुशीबी अशेच कान दाबते. कुकरची शिट्टी झाली की न्हाणीत जाऊन बसते. पाच वर्साची झाली, बोलत नाही. हे लावलं त पोराले बरं वाटते काय?”

प्राचार्य दोन हातांवर उभे होते. मी म्हटलं, अरे हे इंग्रजीचं आहे. लहानपणापासून कानावर पडलं पाहिजे. बळीराम म्हणाला, अस्सं.

त्याला नंतर सविस्तर सांगीन. उद्याच.

२८ जानेवारी, मंगळवार.
बळीराम दिवसभर परीक्षेच्या गठ्ठ्यांत. वेळ मिळाला नाही.

तीन प्राध्यापकांनी ॲपचं नाव विचारलं. मी म्हटलं, ते नांदेडच्या एका संस्थेचं आहे, फक्त निवडक मुलांना घेतात. गणिताच्या सरांनी शिफारस कराल का विचारलं.

३ फेब्रुवारी, सोमवार.
बळीरामला सांगायचं होतं. तो रजेवर.

खरं तर तो रजेवर नव्हता. मीच लॅबमधून निघालो नाही. लॅबमध्ये काम होतं.

८ फेब्रुवारी, शनिवार. पुसद.
अर्पिता मॅडमनी विचारलं, काय काय वापरतो नयन? सुरभीने सांगितलं: बंगई आजी वापरते, बॉल शेजारचे आजोबा, पांघरूण वडील, पदक देवघरात आहे. मॅडमनी हसू दाबलं. मग विचारलं, आणि मफ? सुरभी म्हणाली, ते तो वापरतो. मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, छान निवड केली सर. मी मान हलवली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.
हे लिहायचं नव्हतं. तरी लिहितो.

बळीराम लॅबमध्ये आला. पुसायचं फडकं हातात, पण पुसत काही नव्हता. म्हणाला, त्याने बाजारातून मोठा रंगीत हेडफोन घेतला, मोबाईलमध्ये इंग्रजी गाणी भरून घेतली आणि खुशीच्या कानाला लावला. तिने फेकला.

“मंग मी अन् तिच्या मायनं हात धरले सर. सरांचा पोरगा बसते, तू कायले नाही बसत म्हनलं. बारीक आवाजात ध्यान लागत नसंन म्हनून आवाज फुल केला. चार दिवस केलं तसं. आता ते डोक्यालेच हात लावू देत नाही. मायले वेणी घालू देत नाही.”

मी टेबलावरची भिंगं ओळीत लावली. त्यानेच विचारलं, “आमचंच काही चुकून राह्यलं काय सर? तुमी टाइम कोनता ठेवता, सकाळचा का संध्याकाळचा?”

मी म्हणालो, सकाळचा.

तो बरं म्हणून गेला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. पहाटे ५.
तसं पाहिलं तर मी त्याला घे असं म्हटलं नव्हतं. आवाज फुल करायला तर नाहीच. आईबापाने थोडं पोरीकडे बघायला पाहिजे की नाही? ती ओरडते, हे दिसत होतं ना?

हे मी कोणाबद्दल लिहितोय ते कळलं, म्हणून थांबतो.

सकाळी ९. नानाजी आले सहाला. त्यांना सांगितलं, आज व्यायाम नाही, आणि बॉल नयनचा आहे. ते म्हणाले, माहीत आहे की. उद्या येतो.

सुरभीला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. मला वाटलं, ओरडेल. तिने फक्त विचारलं, खुशी किती वर्षांची? मी म्हटलं, पाच. ती म्हणाली, मग दुसरे लहान मफ तिला बसतील, रविवारी जाऊ. कणीक मळून झाली तरी ती मळतच होती.

१५ फेब्रुवारी, शनिवार.
उद्या ढाणकी. तयारी पक्की. एक: बळीराम, मी खोटं बोललो. दोन: नयनला ऑटिझम आहे. तीन: मला माफ कर. तीनच वाक्यं. न्हाणीघरात अकरा वेळा म्हणून बघितली. दुसऱ्या वाक्याला आवाज जरा खाली जातो, बाकी उत्तम. साठ पोरांच्या वर्गात मी न अडखळता बोलतो. हे तर एका माणसासमोर बोलायचं आहे, आणि तो माणूस मला सर म्हणतो.

हे झालं की मोकळा होईन. प्राचार्यांनाही सोमवारी सांगून टाकीन. मणक्याचंही.

१६ फेब्रुवारी, रविवार. रात्री ८.
सकाळच्या गाडीने तिघं गेलो. बळीरामने सतरंजी अंथरून ठेवली होती. सर घरी येणार म्हणून त्याच्या आईने नवं लुगडं नेसलं होतं.

खुशी तुरीच्या पोत्यांमागे बसली होती. केस पार गुंतलेले. माणसं बघून आणखी आत सरकली. सुरभी लांबच जमिनीवर बसली. तिने ते लहान मफ आधी स्वतःच्या कानाला लावून पाहिले, मग काढून पोत्यांजवळ ठेवले आणि दुसरीकडे बघत बसली. अर्धा तास गेला. मी तीनदा चहा घेतला.

खुशीने मफ उचलले. वास घेतला. उलटेपालटे केले. मग एकदा लावून लगेच काढले, पुन्हा लावले. तेवढ्यात बाहेरून हरभऱ्याचं मळणीयंत्र घेऊन ट्रॅक्टर गेला. बळीरामची बायको सवयीने पोरीकडे धावली आणि मध्येच थांबली. खुशी पोत्यांमागून उभी राहून दाराकडे बघत होती. हात खाली होते.

सुरभीने बळीरामच्या बायकोला अर्पिता मॅडमचा नंबर लिहून दिला आणि पुसदला कोणत्या वारी जायचं ते समजावत बसली.

खुशीने मफ काढून ठेवल्यावर बळीरामने ते हळूच एका बोटाने चाचपून बघितले. मग मला अंगणात घेऊन आला. म्हणाला, “सर, याच्यात त गाणं नाही. कायीच नाही. तुमाले हे कसं मालूम? कोनाच्या घरी हाय काय असं लेकरू?”

तीन वाक्यं तयार होती. सगळी आठवत होती, क्रमाने.

मी म्हणालो, “आहे एक. माझ्या ओळखीत.”

नयन तिथेच होता. आमच्यापासून चार पावलांवर, तसेच मफ लावून, डोळ्यांपुढे बोटं नाचवत उन्हाकडे बघत होता. सुरभी दारात आली होती. तिने ऐकलं. तिने नयनचा हात धरला आणि त्याला आत घेऊन गेली.

बळीराम नयन गेला त्या दाराकडे बघत राहिला. मग माझ्याजवळ सरकला. आवाज अगदी खाली आणून, घरातल्यांनाही ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाला, “असू द्या सर. मी कॉलेजात कोनाले नाही सांगत.”

मी त्याला थँक यू म्हणालो.